एकोणिसाव्या पानावरची ओळ

ओर्विल सालमेला सुपीरियर सरोवराकाठच्या आमच्या टॅमरॅक बे या गावी परत आले ते १९५७ च्या उन्हाळ्यात, आईचे डोळे गेले म्हणून. "दोन वर्षं. आईचं काहीतरी मार्गी लागलं की परत जाणार," असं त्यांनी कॉलेजात सांगितलं होतं. चौतीस वर्षं राहिले. इथेच गेले.

मी लेम्पी हार्यू. इथल्या खाणकामाच्या कॉलेजात, गणित विभागात, मी तीस वर्षं टायपिस्ट होते. मला गणित येत नाही. माझी साधी बेरीजसुद्धा रेइनो, माझा नवरा, दोनदा तपासतो. पण गणित टाईप करायला ते समजावं लागत नाही, लक्ष लागतं. ओळ सुटता कामा नये, एवढंच. आणि सालमेलांच्या आयुष्यात जे काही झालं ते एका सुटलेल्या ओळीवरून झालं, आणि ती ओळ माझ्या हातून सुटली होती.

त्यांचे वडील तांब्याच्या खाणीत. फुप्फुसात धूळ बसून गेले, तेव्हा ओर्विल पंधरा वर्षांचे. आई, हिल्या, खाणकामगारांची खानावळ चालवायची. रोज वीस माणसांचं जेवण. शाळेतल्या मास्तरांनी धडपड करून या मुलाला शिष्यवृत्ती मिळवून दिली आणि तो पूर्वेकडे मोठ्या विद्यापीठात गेला. मग युद्ध, नौदलात हवामानाचे आकडे, मग पुन्हा विद्यापीठ. बत्तिसाव्या वर्षी त्यांनी गाठींबद्दल एक प्रमेय सिद्ध केलं. त्या विषयातल्या लोकांत त्याला नावच पडलं होतं, सालमेलाचं प्रमेय. आमच्या गावात हे कोणाला ठाऊक नव्हतं. गावाला ते हिल्याचा पोरगा म्हणून ठाऊक होते.

मी नोकरीला लागले त्या आठवड्यात त्यांना विचारलं होतं, "प्रोफेसर, हे सगळं आहे तरी कशाबद्दल? रोज टाईप करायचं, निदान कशाबद्दल आहे ते तरी कळू दे."

ते उठले, खिडकीजवळ पडलेली कपडे वाळत घालायची दोरी घेतली, तिला एक गाठ मारली आणि दोन्ही टोकं चिकटपट्टीने जोडून टाकली. तशीच दुसरी केली, वेगळी दिसणारी.

"मिसेस हार्यू, या दोन गाठी एकच आहेत का वेगळ्या?"

"दिसतायत तर वेगळ्या."

"दिसण्यावर जाऊ नका. ओढून, सैल करून, उलटीसुलटी करून बघा. कापायचं मात्र नाही."

मी पाव तास खटपट केली. "मला नाही जमत."

"जमत नाही म्हणजे वेगळ्या आहेत, की तुम्हाला जमत नाही?" ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "तीच तर अडचण आहे. म्हणून मी प्रत्येक गाठीला आकड्यांची एक यादी देतो. दोन गाठींची यादी एक आली, की गाठ एकच. हे मी सिद्ध केलंय. सगळ्या गाठींसाठी नाही, पण बऱ्याच मोठ्या कुळासाठी."

आमचे विभागप्रमुख बर्ल हॅस्किन्स दारातून जाता जाता म्हणाले, "ओर्विल, त्या प्रमेयाने बोट बांधता येते का रे धक्क्याला? नाही ना? मग पोरांना कॅल्क्युलस शिकव जा."

सालमेला हसले. हॅस्किन्स वाईट माणूस नव्हता. पण आमच्याकडे जो तो खाणीत किंवा पुलाच्या कामावर उपयोगी पडेल असं गणित शिकायला यायचा. गाठींबद्दल दोन शब्द बोलावेत असा माणूस गाठायचा म्हणजे आगगाडीने दीड दिवस. सुरुवातीला त्यांना पत्रं पुष्कळ यायची, स्वित्झर्लंडहून, जपानहून. ती मीच त्यांच्या टेबलावर ठेवायची. उत्तरं दुसऱ्या दिवशी तयार असत, मोठमोठी. मला वाटायचं, एवढं बोलायचं साठवून हा माणूस दिवसभर गप्प कसा राहतो?

सकाळी आईला तिच्या मायबोलीतलं, फिनिश वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, मृत्यूच्या बातम्या आधी. मग वर्ग. दुपारी ईव्हलिनच्या हॉटेलात काउंटरच्या टोकाच्या स्टुलावर बसून एक पास्टी खायची, मांस-बटाटा-सलगम भरलेली, वर काही न घेता. शनिवारी शेजाऱ्यांच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, शेवटचा नंबर. रविवारी धक्क्याच्या टोकापर्यंत चालत जाऊन सुपीरियर सरोवराच्या पाण्याकडे बघत उभं राहायचं. लग्नाचं एकदा ईव्हलिननेच विचारलं होतं. ते म्हणाले, "मला घरी न्यायची बायको आईला दिसणार नाही, आणि मला दिसेल की नाही याची खात्री नाही." ईव्हलिनला तो विनोद वाटला. मला नाही वाटला.

तीस वर्षांत त्यांनी मला कधी लेम्पी म्हटलं नाही.

*

त्यांच्या आयुष्यात एकच माणूस असं आलं की ज्याच्यासमोर ते बोलत राहायचे. जुडिथ काउप्पी, बेकरीवाल्या विल्हो काउप्पीची मुलगी. कॉलेजात त्या वर्षी तीन मुली होत्या, त्यातली ही एक. १९५९ साली ती त्यांच्या वर्गात आली आणि पहिल्याच महिन्यात तिने हात वर केला.

"प्रोफेसर, तुम्ही 'हे उघड आहे' म्हणालात. कोणाला उघड आहे?"

वर्ग हसला. सालमेला फळ्याकडे वळले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे. मलासुद्धा नाही."

त्या दिवसापासून चार वर्षं ती त्यांच्या खोलीत असायची. माझं टेबल बाहेरच असल्याने मला सगळं ऐकू यायचं. ती भांडायची. "छे! असं कसं? पुन्हा सांगा." आणि ते पुन्हा सांगायचे. कधी कधी दोघं एकदम गप्प व्हायची, अर्धा अर्धा तास. ती शांतता मला बाहेर बसून आवडायची. जाताना जुडिथ माझ्या टेबलावर कागदात गुंडाळलेला वेलचीचा पाव ठेवायची. "लेम्पी, बाबांनी दिलाय. प्रोफेसरांना अर्धा दे, नाहीतर जेवायचं विसरतील."

१९६३ मध्ये ती पूर्वेकडे गेली, त्यांच्याच विद्यापीठात. त्यांच्याच प्रमेयावर तिने पुढे काम केलं, पदवी मिळवली, ओहायोत शिकवायला लागली. दर महिन्याला पत्र. पत्र आलं की सालमेलांच्या खोलीचं दार उघडं राहायचं. नाहीतर ते नेहमी बंद असे.

हिल्या १९६९ साली गेली. सगळ्यांना वाटलं, आता हे जाणार. हॅस्किन्सने विचारलंसुद्धा, "मग, ओर्विल? कधी निघतोस?"

"कुठे?" सालमेला म्हणाले.

ते तिरकस बोलत नव्हते. बारा वर्षांत तिकडच्या जागा भरल्या होत्या, ओळखीचे लोक इकडेतिकडे गेले होते. दोन दिवस ते त्या प्रश्नाचा विचार करत होते हे मला दिसत होतं. मग त्यांनी आईच्या खोलीत पुस्तकं लावली आणि राहिले.

*

१९७२ च्या ऑक्टोबरमध्ये एका प्रकाशकाचं पत्र आलं. गाठींवरचे महत्त्वाचे जुने निबंध एका पुस्तकात छापायचे होते, त्यात सालमेलांचा १९५३ चा. त्यांना छपाईच्या बारीकसारीक चुका सुधारून द्यायच्या होत्या, म्हणून मी अख्खा निबंध नव्याने टाईप केला. सव्वीस पानं. तोवर आमच्याकडे अक्षरांचा गोळा बदलायचा टाईपरायटर आला होता. ग्रीक अक्षरांचा गोळा वेगळा, चिन्हांचा वेगळा. एका पानावर तीस-चाळीस वेळा गोळा काढायचा, दुसरा बसवायचा. अशाच अदलाबदलीत कुठेतरी माझी नजर घसरली.

सकाळी दहाच्या सुमारास ते पानं घेऊन बाहेर आले. "मिसेस हार्यू, एकोणिसाव्या पानावर एक ओळ राहिली आहे."

"अरे देवा! कुठली?"

"'त्याचप्रमाणे दुसरी बाजूही सिद्ध होते.'"

"माफ करा. आत्ता पान नवं करते."

"घाई नाही." ते कागदाकडे बघत म्हणाले. "नाहीतरी ती ओळ फार आखडती आहे. एक बाजू सविस्तर लिहिली आणि दुसरी 'त्याचप्रमाणे' म्हणून सोडून दिली. वीस वर्षं झाली, आता नीट उलगडून लिहितो. पाच-सहा ओळी होतील. संध्याकाळपर्यंत देतो."

संध्याकाळी मी घरी निघाले तेव्हा ते टेबलाशी तसेच बसलेले होते. दुसऱ्या दिवशीही. आठवड्याने मी विचारलं, "प्रोफेसर, पान करू का?"

"अजून नको."

तीन आठवडे असे गेले. ईव्हलिनने मला रस्त्यात अडवून विचारलं, "अगं, तुझ्या साहेबांना झालंय काय? पास्टी तशीच टाकून गेले. दुसऱ्यांदा."

मग एके दिवशी त्यांनी माझ्यासमोर हाताने लिहिलेला कागद ठेवला. चार वाक्यं होती. मला ती अजून पाठ आहेत. माझ्या १९५३ च्या निबंधातील एकोणिसाव्या पानावरची सिद्धता चुकीची आहे. दुसरी बाजू त्याचप्रमाणे सिद्ध होत नाही. मला दुरुस्ती सापडलेली नाही. या निष्कर्षावर यापुढे कोणी विसंबू नये.

मी टाईप केलं. हॅस्किन्सने ते माझ्या यंत्रावर वाचलं आणि तडक आत गेले. दार उघडंच होतं.

"वेड लागलंय का तुला? एकोणिसावं पान आजवर कोणी वाचलंय? आधी दुरुस्त कर, मग छाप."

"आणि दुरुस्त झालंच नाही तर?"

"तर कोणाचं काय बिघडतंय? पूल पडतोय का?"

"लोक त्यावर काम करतायत, बर्ल."

हॅस्किन्स मान हलवत निघून गेले. मी तो कागद निबंध छापणाऱ्या नियतकालिकाच्या नावाच्या पाकिटात घातला, पण पाकीट बंद केलं नाही. जुडिथचं पुस्तक वर्षाअखेर छापायला जायचं होतं, आणि येत्या वसंतात तिची नोकरी कायम व्हायची होती. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, विल्हो काउप्पी पाव देता देता सांगायचा.

मी आत गेले. "प्रोफेसर, जुडिथला कळवलंत?"

"लिहितोय."

कचऱ्याच्या टोपलीत चार कागद पडले होते. चारींवर 'प्रिय जुडिथ' आणि पुढे काही नाही.

"फोन लावून देऊ?"

त्यांनी चष्मा काढला. "मिसेस हार्यू, तिला आधी सांगितलं, तर ती थांबा म्हणेल. आणि ती थांबा म्हणाली, तर मी थांबेन."

"मग थांबा ना! चार-पाच महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"पाकीट आज टपालात टाका," ते म्हणाले. "तिला मी लिहितो."

मी टाकलं. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. पोस्टाच्या पायऱ्या बर्फाने गुळगुळीत झाल्या होत्या, मी कठड्याला धरून उतरले. तिचा नंबर माझ्याकडे होता. बेकरी दोन गल्ल्यांवर होती. पण हे माझं काम नाही, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते खरंही होतं. तरी आज मला त्याची लाज वाटते.

जानेवारीच्या शेवटी विभागाचा फोन वाजला.

"लेम्पी, मी जुडिथ." आवाज अगदी सपाट होता. "एका परिषदेत मला एक अनोळखी माणूस भेटला. कॉफीच्या रांगेत. म्हणाला, वाईट झालं हो तुमच्या पुस्तकाचं. ती चुकीची कबुली तू टाईप केलीस?"

"हो."

"कधी?"

"नोव्हेंबरात."

मी म्हटलं, "जोडून देऊ त्यांना? आहेत आत."

"नको," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सालमेला दारात उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

*

जुडिथची नोकरी कायम झाली नाही. पुस्तकाचा अर्धा भाग कोसळला होता, ते तिने परत घेतलं. कनेक्टिकटमधल्या एका विमा कंपनीत ती लागली, माणसं किती वर्षं जगतील याचे तक्ते करायला. गावात यायची ती नाताळला, दोन दिवस, बेकरीच्या मागच्या दाराने.

सालमेलांना पत्रं यायची हळूहळू बंद झाली. कोणी रागावलं नव्हतं. उलट दोघातिघांनी तुमच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं असं लिहिलं, आणि मग परत लिहिलं नाही. दर शुक्रवारी ते पूर्वीसारखे बेकरीत जात. विल्हो त्यांना नेहमीचा राईचा पाव बांधून देई आणि 'आज थंडी फार आहे' एवढंसुद्धा बोलत नसे. दुकानात सहा माणसं असली तरी त्या वेळी सगळी गप्प. गावात दुसरी बेकरी होती, हायवेवर. मी एकदा म्हटलं, "तिथून घ्या ना. मी आणून देत जाईन."

"नको. इथेच ठीक आहे."

आणि ते दुसरी बाजू शोधत राहिले. दरवर्षी एखादा छोटासा लेख व्हायचा. अमुक अटीखाली खरं आहे, तमुक अटीखाली खरं आहे. मी टाईप करायची. एक कोपरा मात्र कधीच सुटेना. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळी इमारत रिकामी असताना त्यांच्या खोलीतून फक्त खडूचा आवाज यायचा. मी एकदा रेइनोला म्हटलं, "त्या माणसाशी कोणीतरी बोलायला हवं." रेइनो म्हणाला, "अगं, मग तू बोल. तू तर रोज समोर असतेस." मी बोलायचा प्रयत्न केला. हवा, बर्फ, छपरावरचं ओझं. ते ऐकून घ्यायचे, अगदी सभ्यपणे.

१९८४ च्या सप्टेंबरात विल्हो काउप्पी वारला. चर्चच्या तळघरात कॉफी होती. जुडिथ भिंतीपाशी उभी होती, केस पांढरे झालेले. सालमेला कप घेऊन तिच्यापासून चार हातांवर थांबले. त्यांना पुढे जाता येईना. शेवटी तीच आली.

"ते पान मी तपासलं होतं," ती म्हणाली. "चाळीस वेळा तरी वाचलं असेल. सगळ्या जगाला विचारत फिरले, कोणाला उघड आहे म्हणून. तुम्हाला मात्र विचारलं नाही."

"जुडिथ, मी फोन करायला हवा होता."

"हो," ती म्हणाली. "करायला हवा होता."

मला वाटलं आता दोघांपैकी कोणीतरी पुढे काही म्हणेल. पण पाद्रीबाबा तिला कोणाला तरी भेटवायला घेऊन गेले. सालमेला कप तसाच हातात धरून उभे राहिले. कॉफी गार झाली तरी प्यायले नाहीत.

*

ते १९८६ ला निवृत्त झाले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये विभागाच्या पत्त्यावर त्यांच्या नावाचं जाड पाकीट आलं, कनेक्टिकटचा शिक्का. मी जेवणाच्या सुट्टीत ते घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी उभ्याउभ्याच फोडलं. आत पत्र नव्हतं. हाताने काढलेल्या दोन गाठींची चित्रं होती, मोठ्या कागदांवर, आणि नऊ पानं हिशेब.

मी निघाले. अकरा दिवस त्यांचा पत्ता नव्हता. बाराव्या दिवशी दुपारी ते माझ्या स्वयंपाकघराच्या दारात, टोपीवर बर्फ तसंच.

"मिसेस हार्यू, या दोन गाठींची यादी एकच आहे. आणि गाठी वेगळ्या आहेत."

मी कणकेचे हात पुसले. "म्हणजे?"

"म्हणजे दुसरी बाजू नव्हतीच. नुसती सिद्धता नाही, प्रमेयच खोटं होतं. तिने दाखवून दिलं. ऑफिस सुटल्यावर घरी बसून, तीन वर्षं; पानांवर तारखा आहेत."

"मग तुम्ही ही चौदा वर्षं जे शोधत होतात…"

"ते नव्हतंच!" आणि ते हसायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. रेइनो बाहेरून डोकावून गेला. मी त्यांना खुर्ची दिली, कॉफी दिली.

"वाईट नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटेल. उद्या-परवा वाटेल." त्यांनी चित्रं टेबलावर पसरली, पिठाचीही पर्वा केली नाही. "आज नाही. हे बघा ना, किती सुरेख काढलंय. इथून दोरी खालून गेलीय, मला हे कधी सुचलं नसतं."

तिला त्यांनी उत्तर लिहिलं ते मीच टाईप केलं, कारण त्यांचं अक्षर आता वाचता येत नसे. तुझं बरोबर आहे. ताबडतोब छाप. माझं नाव घालू नकोस. लेख तिच्या एकटीच्या नावावर आला. त्यानंतर दोघांत पत्रव्यवहार सुरू झाला, वर्षाला आठ-दहा पत्रं. सगळी माझ्या हाताखालून गेली. त्यांत गाठींखेरीज एक अक्षर नसे. तब्येत कशी आहे, कोणी विचारलं नाही. विल्होचं नाव नाही, ओहायोचं नाही. मी एकदा धीर करून म्हटलं, "शेवटी एखादी ओळ घाला ना. कशी आहेस, म्हणून."

त्यांनी विचार केला. "तिला ते खोटं वाटेल," ते म्हणाले. "इतक्या उशिरा."

१९९१ च्या फेब्रुवारीत, दोन दिवस त्यांच्या दारातला बर्फ उपसलेला दिसला नाही, म्हणून शेजाऱ्याने दार ठोठावलं. झोपेतच गेले होते. आमच्याकडे हिवाळ्यात जमीन खणता येत नाही. कबरस्तानातल्या दगडी खोलीत पेट्या ठेवतात आणि जमीन मऊ झाली की पुरतात. म्हणून त्यांचं दफन मे महिन्यात झालं. जुडिथला मी कळवलं. फोन करून.

आम्ही सात जण होतो. नव्या पाद्रीबाबांनी त्यांना इंजिनियर म्हटलं, कोणी दुरुस्त केलं नाही. नंतर जुडिथ माझ्याकडे जेवायला आली. माशाचं सूप तिने दोनदा घेतलं.

"लेम्पी, ते माझ्याबद्दल काही बोलायचे?"

मला खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हटलं. "ते कोणाबद्दलच बोलायचे नाहीत."

तिने मान हलवली. ताटली स्वतः धुवून ठेवली. रस्त्यावर अंधार पडला की हरणं येतात, म्हणून विमानतळाला पोचायला ती उजेडातच निघाली.